गरिबी एका वर्गात साचली की काय होतं?

खडूफळा:
मी बीड जिल्ह्यात जि.प. शाळेवर शिकवतो. दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी कोयता उचलून साखर कारखान्याकडे ऊसतोडीला निघतात आणि माझा चौथीचा वर्ग निम्मा होतो. पाडव्याच्या आसपास पोरं परततात ती भागाकार विसरून. मग मी पुन्हा हातच्याच्या वजाबाकीवर येतो. पण जी निम्मी पोरं गावातच राहिली होती, त्यांनाही तेच पुन्हा ऐकावं लागतं. त्यांच्या घरी कोयता नाही, तरी वर्ष वाया जातं. म्हणून म्हणतो, सगळी अडचणीतली मुलं एकाच शाळेत जमू देऊ नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागा हव्यातच. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना सूट, असा बदल फेब्रुवारी 2024 मध्ये आला होता. जुलैत उच्च न्यायालयाने तो रद्द केला, फार बरं झालं.

तिखटमीठ:
गुरुजी, तुमची कोयत्याची पोरं त्या 25 टक्क्यांत कुठे आहेत? अर्ज ऑनलाइन, मग लॉटरी, मग कागदपत्रांची पडताळणी. हे निभावतात ते आईबाप मुळात जागरूक. त्यांची पोरं गेली की तुमच्या वर्गात पालकसभेला येणारंही कुणी उरत नाही. म्हणजे साचलेलं आणखी घट्ट होतं. शिवाय कायद्याचं छत्र आठवीपर्यंतच. नववीची फी कोण भरणार?

हिशेबी:
अमेरिकेत शाळांची पाहणी करणारा 1966 चा कोलमन अहवाल हेच सांगत होता: इमारत, प्रयोगशाळा यांच्यापेक्षा बाकावर शेजारी कोण बसतं याचा फरक जास्त पडतो. दिल्लीत 2007 पासून बड्या खासगी शाळांना गरीब मुलं घ्यावी लागली. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी तिथे पाहिलं, तर सधन मुलं जास्त उदार झाली, भेदभाव कमी झाला. एकूण गुण घसरले नाहीत, इंग्रजीत थोडी घट दिसली. तेव्हा 'आमच्या मुलांचा दर्जा जाईल' ही ओरड तरी थांबवा.

मधलीसुट्टी:
हिशेबी, तुम्ही सांगितलंत ते सधन मुलांबद्दल. आमच्या पोरांचं काय झालं ते कोण मोजतंय? माझी लेक लॉटरीतून लागली. शिकवणं चांगलं, खोटं कशाला बोलू. वाचायला लवकर लागली. पण तिसरीत म्हणाली, "आई, तू गेटच्या आत नको येऊस." मी धुणीभांडी करून तशीच जाते ना. सहलीचे पैसे जमले नाहीत तेव्हा तिनेच बाईंना सांगितलं, पोट दुखतंय. महापालिकेच्या शाळेत होती तर सहल नसती, पण पोटही दुखलं नसतं. तरी काढणार नाही तिला.

तिखटमीठ:
हेच म्हणतोय मी! पोर एकटं हलवायचं आणि त्यानेच सगळं सोसायचं. त्यापेक्षा खडूफळांच्या शाळेला आणखी एक शिक्षक द्या, आईबाप ऊसतोडीला गेले की पोरांना गावात ठेवणारं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करा.

खडूफळा:
ताई, तुमचं वाचून गप्प झालो. पोरं मिसळली की झालं, असं मी धरून चाललो होतो; डबा कुणासोबत खातात हे मी कधी विचारलं नाही. पण तिखटमीठ, जास्तीचा शिक्षक म्हणता तो येतो कुठून? पट घटला की आहे तोच अतिरिक्त ठरतो. आणि वसतिगृहाची मंजुरी आमच्याकडे यंदा डिसेंबरात आली. टोळ्या कधीच गेल्या होत्या. यादीत नावं होती, ताटावर पोरं नव्हती.

तिखटमीठ:
मग त्या मंजुरीच्या तारखेवर भांडू. त्यात मी तुमच्या बाजूने. 25 टक्क्यांवर मात्र नाही.