थोरियम एवढं पडलंय तर थोरियमची वीज कुठंय?

वाळूतला_किडा:
शाळेपासून ऐकतोय केरळच्या वाळूत थोरियम आहे, भाभांनी १९५४ मध्येच तीन टप्प्यांचा प्लॅन मांडला वगैरे वगैरे. ७० वर्षं झाली, थोरियमवर चालणारा एक मोठा प्लांट दाखवा. आता २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज म्हणतायत, मग सरळ थोरियमच का नाही घालत? पैसे नाहीत का इच्छा नाही? राजकारण नको प्लीज.

केमिकलवाला:
अहो थोरियम स्वतः जळतच नाही, सगळा घोळ तिथंच आहे. त्यानं न्यूट्रॉन गिळला की आधी प्रोटॅक्टिनियम होतं, त्याचं हळूहळू (हाफ लाइफ २७ दिवस) युरेनियम-२३३ होतं आणि ते खरं इंधन. म्हणजे दूध ढीगभर आहे पण विरजण नाही. विरजण म्हणजे प्लुटोनियम, ते पहिल्या टप्प्यातल्या, साध्या युरेनियमवर चालणाऱ्या हेवी वॉटर रिअॅक्टरच्या वापरलेल्या इंधनातून काढायचं, टनामागे जेमतेम तीनचार किलो निघतं. म्हणून मधे दुसरा टप्पा, फास्ट ब्रीडर रिअॅक्टर, जो जाळतो त्याहून जास्त प्लुटोनियम बनवतो. थोरियम घाईनं घुसवलं तर प्लुटोनियमची ही वाढच मंदावते, म्हणून तो तिसरा टप्पा. तमिळनाडूत कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या ब्रीडरचं काम २००४ ला सुरू झालं आणि कोअर लोडिंगचा (आत इंधन भरायचा) कार्यक्रम मार्च २०२४ ला, आता तुम्हीच हिशोब करा.

शंकेखोर:
आणि तो ब्रीडर म्हणजे काय खायचं काम नाही. आत थंड करायला पातळ सोडियम, हवा लागली की पेटतं, पाणी लागलं की विचारूच नका. जपानच्या मोंजू ब्रीडरमध्ये १९९५ ला सोडियम गळलं, आग लागली, नंतर तो कधी धड चाललाच नाही, २०१६ ला बंदच करायचं ठरवलं. फ्रान्सनंही सुपरफिनिक्स गुंडाळला. चिकाटीनं चालवले ते रशियानं, बेलोयार्स्कला बीएन-६०० हा १९८० पासून वीज देतोय. त्यात २००८ नंतर आपल्याला बाहेरून युरेनियम मिळायला लागलं, मग एवढा खटाटोप कशाला असं मला तरी वाटतं.

वाळूतला_किडा:
म्हणजे थोरियमवर आजवर काहीच झालं नाही?

केमिकलवाला:
झालंय की. कल्पाक्कमलाच कामिनी नावाची छोटी रिअॅक्टर १९९६ पासून आहे, युरेनियम-२३३ वर, पण ती फक्त ३० किलोवॉटची आणि रिसर्चसाठी. खरी डोकेदुखी पुढं आहे. युरेनियम-२३३ सोबत थोडं युरेनियम-२३२ येतंच, त्यापासून जे पुढचे तुकडे होतात ते इतके कडक गॅमा किरण मारतात की जाड भिंतीआड रिमोटनंच इंधन बनवावं लागतं, हातमोजे घालून होणारं काम नाही ते. खर्च तिथं फुगतो. लोक रिअॅक्टर रिअॅक्टर करतात, री-प्रोसेसिंगबद्दल (वापरलेल्या इंधनातून कामाचं वेगळं काढणं) कोणी विचारत नाही.

रत्नांग्री_०२:
मग जैतापूरला थोरियम लावणार होते ना?

केमिकलवाला:
नाही हो, तिथं ईपीआर नावाचे फ्रेंच रिअॅक्टर, १६५० मेगावॉटचे सहा, ते समृद्ध (जळणाऱ्या २३५ चं प्रमाण वाढवलेल्या) युरेनियमवर. थोरियमशी काही संबंध नाही.

शंकेखोर:
अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अनिल काकोडकर सर मधला रस्ता सांगतायत, आहे त्याच हेवी वॉटर रिअॅक्टरमध्ये थोरियम आणि थोडं जास्त समृद्ध युरेनियम (२० टक्क्यांच्या आतलं) मिसळून घालायचं, ब्रीडरची वाट न बघता. अमेरिकेतल्या एका कंपनीनं तसल्या इंधनाला अनील असं नावही दिलंय. पण ते युरेनियम बाहेरूनच आणावं लागणार ना? मग स्वावलंबनाचं काय?

केमिकलवाला:
पॉइंट आहे. पण कचरा कमी होतो आणि वापरलेल्या इंधनात युरेनियम-२३३ साठत जातं, ते काही वाईट नाही. मी तर म्हणेन दोन्ही चालू ठेवा.