हुशार मूल आणि प्रज्ञावान मूल : फरक ओळखायचा कसा?

गणिताच्या_बाई
शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आलं की मूल प्रज्ञावान, हे समीकरण शाळांनी सोडावं. त्या परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. वर्षभर सराव केलेलं हुशार मूल त्यात चमकतं. ती मेहनत खरी आहे, पण एका प्रश्नापाशी रेंगाळणारं मूल तिथे मागे पडतं.

त्यापेक्षा फळ्यावर एवढंच लिहा : आयताची परिमिती 24 सेमी, क्षेत्रफळ काढा. हुशार मूल विचारतं, "बाई, लांबी द्यायची राहिली का?" किंवा 6 गुणिले 6 करून 36 लिहितं आणि वही मिटतं. प्रज्ञावान मूल 7 × 5, 8 × 4, 9 × 3 मांडत जातं. 35, 32, 27 असं उत्तर घसरताना बघून थबकतं. मग 11.9 आणि 0.1 घेऊन बघतं. उत्तर 1.19! पुढचा प्रश्न त्याचाच : "आयतच हवा का? गोल केला तर?" हा पुढचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

झेडपी_गुरुजी
बाई, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. घरी प्रश्न विचारायची मुभा असलेलं मूल वर्गात प्रश्न विचारतं. "मोठ्यांना उलट विचारू नये" अशा घरातलं मूल तोच विचार करेल आणि गप्प बसेल. तुम्ही प्रज्ञा मोजताय की घरातलं वळण? शिवाय पाड्यावर घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. 'परिमिती' शब्दापाशीच गाडी अडते. 24 काड्या हातात द्या, आयत मांडायला सांगा आणि तोंडाकडे नव्हे, हाताकडे बघा.

शालेय_समुपदेशक
गुरुजींच्या काड्या पटल्या. बुद्ध्यांक चाचणीही एकटी पुरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी 1921 साली कॅलिफोर्नियात बुद्ध्यांकावर मुलं निवडली. लहानपणी चाचणी होऊनही शॉकली आणि अल्वारेझ त्या निवडीतून गळले. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, 1956 आणि 1968 मध्ये.

शाळेत नेहमी होणाऱ्या दोन चुका सांगतो. एक, कच्च्या गुणांवर निवड. एकाच पहिलीत अकरा महिन्यांनी मोठं मूल असतं. ते पुढे दिसणारच. गुण वयाच्या मानकाशी ताडून बघा. दोन, इयत्तेचाच पेपर देणं. सगळी चांगली मुलं 95 च्या वर अडकतात आणि त्यांच्यातला फरक दिसतच नाही. पाचवीच्या अशा मुलांना सातवीचा न शिकवलेला भाग द्या, मग गुण पसरतात.

गणिताच्या_बाई
गुरुजी, बोलण्यावर मी फार भर दिला, हे मान्य. पण "फरकच करू नका" असं म्हणणार असाल तर नाही. तिसऱ्यांदा तोच भागाकार गिरवावा लागला की असं मूल खिडकीबाहेर बघतं, गृहपाठ अर्धा सोडतं आणि शेरा मिळतो 'आळशी'. ही मुलं यादीबाहेरच राहतात.

झेडपी_गुरुजी
फरक करा, शिक्का मारू नका. 'प्रज्ञावान' म्हटलेलं मूल चुकायला घाबरतं, अवघड गणित टाळायला लागतं. आणि एका दिवसाच्या चाचणीवर तर मुळीच ठरवू नका. माझी सूचना : आधी चार-पाच उदाहरणं द्या, मग दहा मिनिटं नवी क्लृप्ती शिकवा, आठवड्याने वेगळ्या रूपातली उदाहरणं द्या. पहिल्या दिवशी शून्य मिळालेलं मूल आठवड्याने ती क्लृप्ती कुठवर ताणतं, हे टिपून ठेवा. घरी शिकवणी नसलेली मुलं यातच सापडतात.

शालेय_समुपदेशक
हे टिपण जूनपासून दिवाळीपर्यंत निदान तीनदा करा, आणि गणिताबरोबर भाषा, चित्र, हातकामातही. एका विषयात झेप आणि दुसऱ्यात अडखळणं एकाच मुलात असू शकतं. वाचनअक्षमतेमुळे नापासाच्या काठावर असलेलं मूल काड्यांच्या आकृत्यांत सगळ्यांच्या पुढे निघालं, तर त्याला आधी तोंडी परीक्षेची सोय द्या.