आधी राहत्या स्टेटचंच परमिट काढा
पेनसिल्व्हेनियात राहताय आणि लपवून बंदूक बाळगायचं परमिट घरचं, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचं, काढू की युटाचं नॉन-रेसिडेंट (तिथे न राहणाऱ्यांना मिळणारं), असं विचारलंय, तर माझं मत सरळ आहे, आधी घरचंच. शेरीफच्या ऑफिसात २० डॉलर भरले की ५ वर्षं चालतं. युटाचं घेतलं की जास्त स्टेट कव्हर होतात हे खरंय, पण मिशिगन नि कोलोरॅडो फक्त रेसिडेंट परमिट, म्हणजे माणसाच्या राहत्या स्टेटचं, मानतात, तिथे युटाचं कार्ड खिशात असून नसल्यासारखंच.

आणि एक गोष्ट फार कुणी सांगत नाही, शाळेपासून १००० फुटांत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची जी सूट आहे ती शाळा ज्या स्टेटमध्ये आहे त्याच स्टेटने दिलेल्या परमिटला आहे, आणि गावात गाडी चालवताना शाळा लागतेच हो.

शेजारच्या न्यू जर्सीत मात्र दोन्ही परमिटं चालत नाहीत. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या एका बाईंनी न्यू जर्सीत ट्रॅफिक स्टॉपला स्वतःहून पोलिसाला सांगितलं की पर्समध्ये बंदूक आहे, परमिटपण आहे, तरी अटक झाली, दोन लहान मुलांची आई ती, शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरनी माफी दिली. म्हणून नदी ओलांडून न्यू जर्सीत जायच्या आधी बंदूक घरी ठेवा प्लीज.

एच-वन या कामाच्या व्हिसावर असाल तर परमिट सोडा, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद वगळता बंदूक जवळ ठेवणंच फेडरल गुन्हा आहे.