डीकनचा भंगारातला अँप
क्वीन या ब्रिटिश रॉक बँडबद्दल काहीजण म्हणतात की क्वीन म्हणजे गायक फ्रेडी मर्क्युरी आणि गिटारवादक ब्रायन मे, बाकीचे दोघे साथीला. ड्रमर रॉजर टेलरचं सोडा, तो स्वतःची बाजू मांडायला समर्थ आहे ('रेडिओ गा गा' हे गाणं त्याचंच). पण बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनला साथीदार म्हणणं काही पटलं नाही. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आणि 'आय वाँट टू ब्रेक फ्री' ही दोन्ही त्याची. पहिलं तर 1980 मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं.

आणि सहसा कुणी काढत नाही तो विषय म्हणजे त्याचा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर). पठ्ठ्या इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. लंडनमध्ये रस्त्याकडेच्या भंगारात त्याला एक सर्किट बोर्ड दिसला, तो घरी आणून त्याने एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला. ना आवाजाचं बटण, ना चालू-बंदचं. नऊ व्होल्टची बॅटरी जोडली की सुरू. ब्रायनने आपली गिटार (तीही बापलेकांनी घरीच बनवलेली, मानेचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं) त्याला जोडली आणि तो खरखरीत, गोडसर आवाज क्वीनच्या रेकॉर्डवर आला. 1975 च्या 'गुड कंपनी' या क्वीनच्या गाण्याच्या शेवटी जो जुन्या वळणाचा जॅझ बँड वाजतो ना, त्यात ट्रम्पेट, क्लॅरिनेट काही नाही, सगळी गिटारच आहे. मी कितीतरी वर्षं वादक बाहेरून बोलावले असतील असंच धरून चाललो होतो. हेडफोन लावून ऐका एकदा.

डीकन 1997 नंतर संगीतातून बाजूलाच झाला, म्हणून लोक विसरतात, इतकंच.