बरगड्यांना मुका मार : तिसऱ्या दिवशी पेशंट का ढासळतो?

प्रश्न (आयसीयूतले निवासी डॉक्टर, इंदूर)
बायपासवरच्या अपघातांतले साठीपुढचे पेशंट. चार-पाच बरगड्या मोडलेल्या, पण ऑक्सिजन ९६ टक्के, बोलतात, जेवतात. वॉर्डात हलवले की तिसऱ्या दिवशी धाप लागून परत येतात, थेट व्हेंटिलेटरवर. आधी ओळखायचं कसं?

भूल व अतिदक्षता
पहिल्या एक्स-रेवर विसंबू नका. फुप्फुसाला बसलेला मार त्यात कित्येकदा दिसतच नाही. सूज पुढचे २४ ते ७२ तास वाढत जाते. त्यात दुखतं म्हणून पेशंट श्वास उथळ घेतो, खोकणं टाळतो, कफ साचतो, मग न्यूमोनिया. ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो, मास्क लावलेला असेल तर आणखी उशिरा. म्हणून दर चार तासांनी स्पायरोमीटरवर किती हवा ओढली ते लिहा. तो आकडा उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे १५ मिलीच्या खाली आला, किंवा खोकल्यातला जोर गेला, तर आयसीयूतून हलवू नका.

दुखणं आटोक्यात ठेवणं हाच इथे मुख्य उपचार. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, पेशंटने मागायची वाट न पाहता (वजन ५० किलोखाली किंवा लिव्हर खराब असेल तर कमी). तेवढ्याने भागत नसेल तर पहिल्याच दिवशी एपिड्यूरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर भूल) किंवा इरेक्टर स्पायनी ब्लॉक (पाठीच्या स्नायूखाली भूल), त्यासाठी कॅथेटर म्हणजे बारीक नळी. नुसत्या मॉर्फिनवर पेशंट गुंगतो आणि खोकतच नाही.

प्रश्नकर्ता
सर, एनॉक्सापॅरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं इंजेक्शन) चालू असेल तर एपिड्यूरल?

भूल व अतिदक्षता
प्रतिबंधक डोसनंतर १२ तास, पूर्ण डोसनंतर २४ तास थांबा. कॅथेटर काढतानाही हेच.

फिजिओ
पाठीच्या कण्याला धोका नाही हे ठरलं की त्याच दिवशी खुर्चीत बसवा. जागेपणी दर तासाला दहा दीर्घ श्वास, खोकताना दुखऱ्या बाजूवर उशी दाबून. नातेवाईक मेडिकलमधून छातीचा पट्टा आणतात, तो बांधू देऊ नका. श्वास आणखी आखडतो.

सर्जन
डावीकडच्या ९ ते १२ बरगड्या मोडल्या असतील तर प्लीहा विसरू नका. नाडी चढतेय, हिमोग्लोबिन उतरतंय, तर सगळं खापर फुप्फुसावर न फोडता पोटाची सोनोग्राफी पुन्हा करा. लगतच्या तीन बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडून छाती उलटी हलत असेल तर प्लेट लावायचा निर्णय ७२ तासांच्या आत व्हावा. आणि व्हेंटिलेटरवर घेण्याआधी सीटी पुन्हा पाहा: बारीकसा न्यूमोथोरॅक्सही (फुप्फुसाबाहेर साचलेली हवा) दाबाखाली फुगतो, आयसीडीचा (छातीत घालायच्या नळीचा) सेट खाटेशीच ठेवा.