वजनासाठी चिनी काढा: उगाच नाक मुरडतो का आपण?

पावसाळी:
मी सिंगापूरला असते, नऊ वर्षं झाली. बाळंतपणानंतर वजन ७८ ला जे अडकलं ते हलायला तयार नाही, मुलगा आता तीन वर्षांचा झाला तरी. ऑफिसातली मैत्रीण मला तिच्या चिनी वैद्याकडे घेऊन गेली, इथे त्यांना सरकारी रजिस्ट्रेशन लागतं, कुणीही उठून दुकान टाकू शकत नाही. त्याने दोन्ही हातांची नाडी तीन तीन बोटांनी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाला की तुमची प्लीहा कमजोर आहे, अंगात कफ आणि ओल साठलीय. मला एकदम आजीचे वैद्य आठवले, मंदाग्नी आणि मेद, तेच की हे! आठ दिवस काढा घेतेय, दीड किलो उतरलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणतो चायना माल, गॅरंटी नाही. आयुर्वेद म्हटलं की आपण हात जोडतो आणि चिनी म्हटलं की हसतो, हा दुटप्पीपणा नाही का? चीनच्या आरोग्य खात्याने २०२४ मध्ये लठ्ठपणाच्या उपचारांची गाइडलाइन काढली त्यातसुद्धा ही औषधं आहेत.

खवचट:
चीन सरकारने चिनी औषधांना चांगलं म्हटलं, यात बातमी काय आहे? 😄 आमच्याकडेही तेच चालतं.
ताई, ब्रसेल्सची गोष्ट माहितीये का? १९९० च्या सुमाराला तिथल्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकात बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या. हवी होती 'हान फांगजी', भरली गेली 'ग्वांग फांगजी', नावं सारखी पण झाडं वेगळी, दुसरीत किडनीला विषारी असं ॲरिस्टोलोकिक ॲसिड. शंभराच्या वर लोकांच्या किडन्या खराब झाल्या, बऱ्याच जणांच्या पार निकामी. १९९३ ला डॉक्टरांनी ते छापून आणलं. पुढे ज्यांच्या निकामी किडन्या काढल्या अशा ३९ जणांत १८ जणांना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला, तो रिपोर्ट २००० चा. वजन कमी करायला गेलेल्या चांगल्या धडधाकट बायका होत्या हो त्या.

बोरकूट:
@खवचट अर्धीच गोष्ट सांगताय. ते क्लिनिक चिनी वैद्याचं नव्हतंच, बेल्जियन डॉक्टरांचं होतं. त्याच उपचारात फेनफ्लुरामिनसारखी भूक मारणारी ॲलोपॅथीची औषधंही होती. चिनी पद्धतीत फांगजी कुणी महिनोन्महिने वजनासाठी कॅप्सूलमध्ये भरून देत नाही. आणि चीनने नंतर स्वतःच ग्वांग फांगजीवर बंदी घातली.
मा हुआंगचंही (एफेड्रा नावाची वनस्पती) तसंच. तिकडे ते सर्दी-खोकला, दम्याला देतात, दोन-चार दिवस. अमेरिकेतल्या कंपन्यांनी त्यातलं एफेड्रिन कॅफिनबरोबर 'फॅट बर्नर' म्हणून विकलं, बेसबॉलचा एक खेळाडू २००३ मध्ये गेला आणि २००४ ला एफडीएने बंदी घातली. बदनाम कोण झालं, तर चिनी औषध.

खवचट:
म्हणजे चिनी औषध कधीच चुकत नाही, चुकतो तो देणारा. हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय, बहुतेक प्रत्येक वैद्याकडे.

लिंबूसरबत:
माफ करा मधे बोलतोय. मलेरियाचं आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच आलं ना, ते शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ थू योयोंना २०१५ चं नोबेल मिळालं. मग वजनाचं काहीच नसेल कशावरून?

फार्मसीवाला:
असू शकतं, पण थूबाईंनी जुन्या ग्रंथातून धागा घेतला आणि मग त्यातला नेमका रेणू वेगळा काढून माणसांवर तपासला, काढा तसाच्या तसा पाजला नाही.
वजनाच्या बाबतीत तेवढं काम झालेलं नाही. चिनी हुआंग लियान आणि आपली दारुहळद, दोन्हीत बर्बेरिन असतं, मध्यंतरी त्याला लोक वजनाच्या इंजेक्शनचा स्वस्त भाऊ म्हणत होते. अभ्यास आहेत, पण बरेचसे छोटे आणि थोड्या आठवड्यांचे, आणि त्यातही उतरलेलं वजन म्हणजे दोनेक किलो. त्या इंजेक्शनच्या, म्हणजे सेमाग्लुटाइडच्या ट्रायलमध्ये सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के उतरलं होतं, तुलनाच नाही. त्याचेही त्रास आहेत, उलट्या होतात, किंमत परवडत नाही, हे मान्य.
पण माझी खरी भीती वनस्पतींची नाहीच, पाकिटात न लिहिलेल्या गोष्टींची आहे. भूक मारणारं सिब्युट्रामिन हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपात बंद झालं, भारतात २०११ ला. तरी 'शंभर टक्के नैसर्गिक' स्लिमिंग चहा, कॉफी, कॅप्सूलमध्ये ते अजून सापडत राहतं. तुमच्याच सिंगापुरात २००२ मध्ये एका अभिनेत्रीचं लिव्हर अशाच चिनी स्लिमिंग गोळ्यांनी गेलं, होणाऱ्या नवऱ्याने लिव्हरचा तुकडा दिला म्हणून वाचली. हर्बल म्हणून विकलेली गोळी दोन दिवसांत भूक मारायला लागली तर मला तरी आनंद होणार नाही.

बोरकूट:
हे पटलं. पण ते ऑनलाइन मिळणाऱ्या गोळ्यांचं झालं. पावसाळी रजिस्टर्ड वैद्याकडे गेल्यात, सुट्ट्या वनस्पती घेऊन घरी उकळतायत, त्यात कोण काय मिसळणार? जपानात बघा, बोफुत्सुशोसान म्हणून अठरा घटकांचं जुनं चिनी पाठातलं औषध पोटाच्या चरबीसाठी मेडिकलमध्ये उघड मिळतं. सगळे जपानी वेडे आहेत का?

फार्मसीवाला:
वेडे नाहीत, पण त्या अठरात मा हुआंगही आहे आणि ज्येष्ठमधही. बीपीवाल्याने ते विचारल्याशिवाय घेऊ नये. @पावसाळी, तुमच्या पुडीत काय काय आहे ते लिहा ना. आणि थायरॉइड तपासलंय का?

पावसाळी:
थायरॉइड नॉर्मल आहे. पुडीवर चिनीत लिहिलंय, मैत्रिणीकडून वाचून घेतलं: कमळाचं पान, शान झा (लाल आंबटगोड फळाच्या चकत्या आहेत), जुएमिंगझी म्हणून बारीक तपकिरी बिया, दा हुआंग, नारिंगाची वाळलेली साल.

भाजीवाली आजी:
अगं जुएमिंगझी म्हणजे टाकळ्याचं बी! आमच्या देवरुखला पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला नुसता टाकळा, कोवळा असताना भाजी करतो फणसाच्या आठळ्या घालून. तू समुद्र ओलांडून जाऊन टाकळा विकत घेतलास. केवढ्याला पडला?

पावसाळी:
आजी 😂 किंमत विचारू नका.

फार्मसीवाला:
आजींचं बरोबर आहे. आणि दा हुआंग म्हणजे आपली रेवंदचिनी, नावातच चीन आहे. जोरदार रेचक, टाकळ्याचं बीही थोडंफार त्याच जातीचं. वजनाच्या बऱ्याच चहांत असंच काहीतरी असतं, नाहीतर सोनामुखी. महिनोन्महिने घेतलं तर पोटॅशियम घसरतं आणि नंतर त्याच्याशिवाय पोट साफ होत नाही. विचारतो म्हणून राग मानू नका, दिवसातून किती वेळा जावं लागतंय?

पावसाळी:
…तीन-चार.

खवचट:
सापडलं दीड किलो.

बोरकूट:
हसण्यासारखं काय आहे त्यात? वैद्य सुरुवातीला कोठा साफ करतात, पुढच्या पुडीत बदलतात. आपल्याकडे विरेचन देतात तेव्हा नाही हसत कुणी.

पावसाळी:
शनिवारी परत जायचंच आहे, तेव्हा विचारते की दा हुआंग काढून पुडी बांधून मिळेल का आणि मग वजन उतरतं का बघते. तोपर्यंत काढा बंद. नवऱ्याला यातलं काही सांगणार नाहीये, आधीच फार खूश आहे तो.