सी विंग ग्रुप : जिन्याला पिवळी पट्टी

मंजिरी (४०३, आईसाठी): आज आई तळमजल्याच्या शेवटच्या पायरीवर पडता पडता वाचली. रंगकामानंतर पायऱ्या आणि लादी एकाच करड्या रंगाची झालीय. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंच पिवळी पट्टी मारून मिळेल का?

निनाद (२०४): आपल्याकडे 'येथे चपला काढू नयेत' अशा सात पाट्या आहेत. पट्टी एक नाही 😄

सेक्रेटरी: सोमवारी बघतो. चष्म्याचा नंबर तपासलात का?

मंजिरी: काका, नंबरचा प्रश्न नाही. मॅक्युलर डीजनरेशन आहे. पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचा चेहरा पुसल्यासारखा. म्हणून लिफ्टमध्ये ओळख देत नाही. शिष्ट नाही हो ती.

जोगळेकर (१०१): अरेरे, आम्ही तेच समजत होतो. पण मग त्यांना एकटं कशाला ठेवता? तुमच्याकडे न्या ना.

शैला (४०३): मीच बोलतेय, फोन टाइप करतोय. लेकीकडे चार दिवस बरं वाटतं. तिथं मीठ कुठे, साखर कुठे, सगळं विचारावं लागतं. इथे मिठाच्या डब्याला एक रबरबँड, साखरेच्या दोन. गॅसच्या बटणावर टिकली लावली होती, तेलकट हाताने निघाली. आता एम-सीलचा ठिपका आहे, बोटाला कळतो. दूध काळ्या कपात, चहा पांढऱ्या.

सुनीता (३०१): आणि पैसे? भाजीवाला फसवत नाही?

शैला: संध्याकाळी शंभराची आणि पाचशेची सारखीच वाटते. लांबीत फरक जेमतेम ८ मिलिमीटर. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप आहे, २०२० पासून. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की आकडा बोलतं, नेट नसलं तरी.
माझा त्रास वेगळाच. परवा कुणीतरी प्रेमाने दाराबाहेरचं स्टूल 'नीट' ठेवलं, मी अडखळले. वस्तू हलवू नका. दंड धरून ओढू नका, कोपर पुढे करा, मी धरते. आणि भेटलात की आधी नाव सांगा.

सुनीता: स्टूल मीच ठेवलं होतं काकू 🙏

सेक्रेटरी: पट्टीसाठी गेटचा पिवळा ऑइलपेंट अर्धा डबा उरलाय.

शैला: चकचकीत नको. ट्यूबलाइट चमकली की पायरी परत गायब. मॅट हवा.

जोगळेकर: शैलाताई, १०१ मधला जोगळेकर बोलतोय. मॅट मी आणतो.